वृद्धांची शिंक आणि शहराची हवा

कार्याला निघतांना कोणी शिंकलें तर क्षणभर थांबावें, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. एखादें काम अडलें कीं "कोठें माशी शिंकली ?" असें विचारण्याचाही प्रघात आहे. शिंकेला इतका मान देणाऱ्या समाजांत घरांतील वडील माणूस सकाळीं उठून एकामागून एक वीस शिंका देतें, तेव्हां मात्र कोणी थांबत नाहीं. "वय झालें, आतां असें चालायचेंच," एवढें म्हणून घर आपापल्या कामाला लागतें. नाक गळतें, डोळे चुरचुरतात, घशांत खवखव होते, रात्रीं पाठ टेकली कीं खोकल्याची उबळ येते. आणि या साऱ्याला एकच नांव मिळतें, तें म्हणजे म्हातारपण. वस्तुतः म्हातारपण हा रोग नव्हे आणि शिंक हें त्याचें लक्षण नव्हे. ती बहुधा हवेंतील कशाची तरी वर्दी देत असते. ती वर्दी कशाची, ती वृद्धांनाच अधिक कां जाचते, आणि छत्रपती संभाजीनगरासारख्या शहरांत तिचा अर्थ काय, याचा विचार या भाषणांत करावयाचा आहे.

हवेंतील अदृश्य पदार्थ माणसाला बेजार करतात, हें ज्ञान फारसें जुनें नाहीं. दर उन्हाळ्यांत स्वतःला होणाऱ्या नाकाडोळ्यांच्या विकाराचें वर्णन जॉन बोस्टॉक या इंग्रज वैद्यानें १८१९ सालीं केलें. परंतु त्याचें कारण त्याला उमगलें नाहीं. पुढें मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यानें गवताचे पराग स्वतःच्याच नाकांत व डोळ्यांत घालून पाहिले आणि विकार ओढवून घेतला. एवढ्यावर तो थांबला नाहीं. चिकट कांचा बांधलेले पतंग उडवून त्यानें उंचावरील हवेंतले पराग पकडले, आणि १८७३ सालीं ग्रंथ लिहून या विकाराचें मूळ परागांत आहे, हें सिद्ध केलें. ज्याला हा विकार होता त्यानेंच तो स्वतःवर तपासावा, हें शास्त्राच्या इतिहासांत क्वचितच घडतें. यानंतर १९०६ सालीं व्हिएन्ना येथील क्लेमेन्स फॉन पिर्के यानें 'ॲलर्जी' हा शब्द प्रचारांत आणला. मराठींत तिला अधिहर्षता असें म्हणतात. पण ॲलर्जी हाच शब्द आतां घरोघरीं रुळला आहे.

ॲलर्जी म्हणजे शरीराच्या पहारेकऱ्याचा गैरसमज. संभाजीनगर हें बावन्न दरवाजांचें शहर म्हणून प्रसिद्ध आहे. तेव्हां तेथील श्रोत्यांना दरवाजाचीच उपमा द्यावी हें बरें. दरवाजावर पहारेकरी असतो तो शत्रूला अडविण्यासाठीं. परंतु एखादा पहारेकरी इतका शंकेखोर निघतो कीं, भाजीची पाटी घेऊन येणाऱ्या माळ्याला पाहूनही नगारा वाजवितो आणि सारी फौज गोळा करतो. परागाचा कण, बुरशीचा बीजाणु किंवा घरांतील धूळ हीं बहुतेकांना निरुपद्रवी असतात. कांहींचें शरीर मात्र त्यांच्याविरुद्ध विशिष्ट प्रतिपिंडें तयार करून ठेवतें. तो कण पुन्हां आला कीं नाकाच्या आंतल्या त्वचेंतील पेशींमधून हिस्टॅमिन नांवाचें द्रव्य बाहेर पडतें. त्यानें रक्तवाहिन्या फुगतात, पाणी सुटतें, खाज येते आणि शिंक फुटते. हीच झटापट नाकांत न होतां फुप्फुसांच्या नळ्यांत झाली म्हणजे नळ्या आकसतात, छातींत घरघर होते आणि दमा उभा राहतो. नाक आणि फुप्फुस हीं एकाच वाटेचीं दोन टोकें आहेत. म्हणून नाकाची तक्रार हा पुष्कळदां छातीच्या तक्रारीचा आरंभ असतो.

हवेंत काय काय तरंगत असतें याचा शोध घेण्याच्या कामीं मराठवाड्यानें मोठी कामगिरी बजावली आहे, ही गोष्ट खुद्द तेथील रहिवाशांनाही फारशी ठाऊक नसते. मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १९५८ सालीं झाली. १९९४ सालीं त्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव जोडण्यांत आलें. त्या विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागांत प्राध्यापक एस. टी. टिळक यांनीं वायुजीवशास्त्राची, म्हणजे हवेंतील सजीव कणांच्या अभ्यासाची, परंपरा रुजविली. टिळक आणि आर. एल. कुलकर्णी यांनीं १९७० सालीं हवेचे नमुने घेणारें एक यंत्र प्रसिद्ध केलें. तें 'टिळक एअर सॅम्पलर' या नांवानें ओळखलें जातें. त्याची रचना सोपी आहे. विजेवर चालणारा पंखा हवा आंत ओढतो. आंत हळूहळू फिरणाऱ्या पिंपावर चिकट लेप दिलेली पारदर्शक पट्टी गुंडाळलेली असते. हवेबरोबर आलेले कण त्या पट्टीवर बसतात. यंत्र सलग आठ दिवस चालतें. नंतर पट्टी कापून सूक्ष्मदर्शकाखालीं धरली कीं कोणत्या दिवशीं, कोणत्या प्रहरीं हवेंत काय होतें, याची रोजनिशीच वाचावयास मिळते. परदेशी यंत्र परवडत नसलेल्या अनेक विद्यालयांना या देशी यंत्रानें हवेचें पुस्तक उघडून दिलें.

त्या पुस्तकांत काय आढळलें ? एक तर, हवेंत परागांपेक्षां बुरशीचे बीजाणु पुष्कळ अधिक असतात. ज्वारी-बाजरीच्या शेतांवरील काणी आणि तांबेरा या रोगांचे बीजाणु, कुजणाऱ्या पाल्यावर वाढणाऱ्या काळ्या बुरशीचे बीजाणु, गवतांचे पराग, कीटकांच्या पंखांवरील खवले, वनस्पतींचे तंतु, असा हा मेळा आहे. अजिंठ्याच्या लेण्यांतील हवेचाही याच पद्धतीनें अभ्यास झाला. कारण ज्या बुरशीनें माणसाचें नाक चिडतें, तिच्याच जातभाईंपासून दीड हजार वर्षांच्या चित्रांनाही धोका असतो. चित्रांच्या रक्षणासाठीं हवा तपासावी लागते, हें सर्वांना पटतें. घरांतील वृद्ध माणसाच्या रक्षणासाठींही ती तपासावी लागते, हें पटावयाला मात्र वेळ लागतो.

मराठवाड्याची हवा बारा महिने सारखी नसते, आणि म्हणून तक्रारीही ऋतूप्रमाणें बदलतात. पावसाळ्यांत मोठी धूळ बसते, पण भिंती ओलावतात आणि बुरशीला सुगीचे दिवस येतात. गणपति-नवरात्राच्या सुमारास गवतें फुलोऱ्यावर येतात. त्याच वेळीं मोकळ्या भूखंडांवर, रस्त्यांच्या कडेला गाजरगवताची पांढरी चांदणी पसरते. हें तण मूळचें अमेरिका खंडांतलें. १९५५ च्या सुमारास तें पुण्यास प्रथम नजरेस आलें आणि पुढें साऱ्या देशभर फोफावलें. त्याच्या परागांनीं नाक गळतें, आणि त्याच्या वाळलेल्या कणांनीं चेहरा, मान व हात यांवर चिवट खाजरा इसब उठतो. वर्षानुवर्षें शेतांत वा उघड्यावर वावरलेल्या वयस्क पुरुषांत हा इसब विशेष दिसतो. दिवाळीनंतर मका, बाजरी, सोयाबीन यांचीं मळणीयंत्रें सुरू होतात, कापूस घरांत येऊन पडतो, आणि त्यांचा भुसा व तंतु गांवांतून शहरापर्यंत येतात. वसंतांत वेडी बाभूळ आणि इतर झाडें फुलतात. उन्हाळ्यांत कोरड्या वाऱ्याच्या वावटळी उठतात, आणि घरोघरीं वाळ्याचे किंवा गवताचे पडदे लावलेले कूलर चालू होतात. गेल्या वर्षीचा पडदा न बदलतां, टांकी न घासतां कूलर लावला तर थंड वाऱ्याबरोबर बुरशीचे बीजाणुही खोलींत फेकले जातात. दुपारीं त्याच्यासमोर निजणारें माणूस बहुधा घरांतील सर्वांत वृद्ध माणूसच असतें.

ही झाली सजीव धूळ. तिच्याइतकीच, किंबहुना तिच्याहून घातक अशी दुसरी धूळ आहे. ती माणसानें स्वतः निर्माण केली आहे. मलिक अंबरानें १६१० सालीं खडकी या नांवानें वसविलेलें हें नगर, पुढें औरंगाबाद झालें, आणि २०२३ सालीं त्याला छत्रपती संभाजीनगर हें नांव मिळालें. उत्तरेस लेण्यांचे डोंगर, दक्षिणेस सातारा डोंगर, आणि मध्यें खाम नदीच्या आसपास शहराची वस्ती, अशी त्याची ठेवण आहे. मलिक अंबरानें डोंगरांतलें पाणी नहरींनीं शहरांत खेळविलें; पण त्या काळीं हवा खेळविण्याची चिंता कोणास करावी लागली नाहीं. २०११ च्या जनगणनेंत शहराची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या घरांत गेली होती. चिकलठाणा, वाळूज आणि शेंद्रा येथें कारखाने उभे राहिले, जालना रस्ता वाहनांनीं ओसंडूं लागला, आणि सतत चाललेल्या बांधकामांची व उकरलेल्या रस्त्यांची माती हवेंत मिसळूं लागली. हिवाळ्याच्या पहांटे थंड, जड हवा जमिनीलगत बसते आणि तिच्यावर उबदार हवेचें झांकण पडतें. मग धूर वर जात नाहीं. तो वस्तीवरच सांचून राहतो. ऊन चढल्यावर हें झांकण उघडतें.

कचऱ्याचा धूर हा या शहराच्या हवेंतील एक स्वतंत्र अध्याय आहे. २०१८ च्या फेब्रुवारींत नारेगांव येथील कचऱ्याच्या ढिगांना कंटाळलेल्या ग्रामस्थांनीं कचऱ्याच्या गाड्या अडविल्या. पाठोपाठ उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानेंही तेथें कचरा टाकण्यास मनाई केली. शहराचा कचरा रस्त्यांवर सांचला, आणि ठिकठिकाणीं तो पेटविला जाऊं लागला. त्या दिवसांत शहरानें एक गोष्ट अनुभवली : नारेगांवच्या लोकांनीं वर्षानुवर्षें जें नाकातोंडांत घेतलें होतें, तेंच आतां प्रत्येक गल्लीच्या वांट्याला आलें. ओला कचरा, प्लास्टिक, रबर आणि चिंध्या एकत्र जळतात तेव्हां निघणारा धूर हा चुलीच्या धुरापेक्षां कितीतरी विषारी असतो. तो प्रसंग सरला. परंतु कोपऱ्यावर पालापाचोळा व पिशव्या गोळा करून काडी लावण्याची संवय सरलेली नाहीं.

या दुसऱ्या धुळीचें मोजमाप मायक्रॉनमध्यें, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत, करतात. माणसाचा केस सुमारें ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. दहा मायक्रॉनपेक्षां मोठे कण नाकाच्या केसांत व शेंबडांत बहुतेक अडकतात. अडीच मायक्रॉनपेक्षां लहान कण मात्र फुप्फुसांच्या शेवटच्या कोठड्यांपर्यंत पोंचतात, आणि त्यांतले अतिसूक्ष्म कण रक्तांतही उतरतात. या बारीक कणांचें वार्षिक प्रमाण एका घनमीटर हवेंत ४० मायक्रोग्रॅमपेक्षां अधिक असूं नये, असें भारताच्या २००९ च्या मानकांत म्हटलें आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं हीच मर्यादा ५ मायक्रोग्रॅम सुचविली. म्हणजे देशांतील कायद्याप्रमाणें निर्दोष ठरणारी हवाही या कसोटीच्या आठपट मलिन असूं शकते. २०१९ च्या जानेवारींत केंद्र सरकारनें राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू केला, तेव्हां मानकें न पाळूं शकणाऱ्या शहरांच्या यादींत महाराष्ट्रांतील इतर अनेक शहरांबरोबर या शहराचें आणि शेजारच्या जालन्याचेंही नांव होतें.

आतां मुख्य मुद्दा असा कीं, या दोन धुळी एकमेकींपासून अलग राहत नाहींत. जपानांत निक्को नगराच्या परिसरांत देवदारासारख्या सुगी वृक्षांच्या रांगांमधून गेलेले जुने रस्ते आहेत. १९८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत असें दिसलें कीं, याच वृक्षांच्या दाट वनांत पण वाहनांपासून दूर राहणाऱ्या लोकांपेक्षां, वाहनांची वर्दळ असलेल्या वृक्षरांगांच्या रस्त्यालगत राहणाऱ्यांना परागांचा विकार अधिक होता. पराग दोन्हींकडे होते. रस्त्यावर त्यांना धुराची साथ मिळाली होती. पुढें अमेरिकेंत झालेल्या प्रयोगांनीं याचें कारण स्पष्ट केलें. डिझेलच्या धुराचे कण आणि पराग एकत्र नाकांत गेले, तर शरीर त्या परागाविरुद्ध कितीतरी अधिक प्रतिपिंडें तयार करतें. शिवाय प्रदूषित हवेनें परागांचें कवच दुबळें होतें, ते फुटतात, आणि एरवीं नाकांतच अडला असता असा पराग तुकड्यांच्या रूपानें थेट छातींत उतरतो. तात्पर्य, धूर हा पहारेकऱ्याच्या डोळ्यांत तिखट टाकतो. मग त्याला मित्र आणि शत्रु यांतला भेद कळेनासा होतो.

हें संकट साऱ्यांवर असतांना वृद्धांवरच तें अधिक कां कोसळावें ? याला चार कारणें आहेत. पहिलें कारण नाकाचेंच. वयाबरोबर नाकाची आंतली त्वचा पातळ व कोरडी होते, आणि कण बाहेर लोटणाऱ्या सूक्ष्म केसलांची गति मंदावते. आलेला कण लवकर निघून जात नाहीं. दुसरें कारण फुप्फुसांचें. त्यांची लवचिकता कमी झालेली असते, खोकल्याचा जोर उणावलेला असतो, आणि ज्या स्त्रियांनीं तरुणपणीं वीस-पंचवीस वर्षें लाकूड व गोवऱ्यांच्या चुलीपुढें काढलीं, त्यांच्या छातींत त्या धुराची बाकी शिल्लक असते. तिसरें कारण सोबतच्या रोगांचें. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार यांपैकीं एखादा पाहुणा बहुधा आधींच घरांत असतो, आणि सूक्ष्म कण हृदयालाही सोडत नाहींत. चौथें कारण सर्वांत धोक्याचें : दम्याच्या वृद्ध रोग्यांना श्वासनलिका आकसल्याची जाणीव तरुणांपेक्षां कमी होते. तरुण माणूस ज्या अवस्थेंत घाबरून दवाखाना गांठील, त्या अवस्थेंत आजोबा "जरा दम लागला, एवढेंच" म्हणून जिन्याच्या पायरीवर बसतात.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. वृद्धांची प्रत्येक शिंक ॲलर्जीचीच असते, असें नाहीं. तिखट आमटीचा भुरका घेतला कीं ज्यांचें नाक वाहूं लागतें, किंवा थंड वारा लागतांच ज्यांना शिंका येतात, त्यांच्या नाकाच्या नसा हळव्या झालेल्या असतात; तेथें परागांचा दोष नसतो. अशा नाकाला धूळ आणि धूर मात्र ॲलर्जीवांचूनही छळतात. तसेंच सर्व खोकले धुळीचे नव्हेत. दोन आठवड्यांवर टिकलेला खोकला, संध्याकाळचा ताप, घटणारें वजन असेल, तर क्षयाची तपासणी झालीच पाहिजे. आडवें होतांच दम लागणें, पायांवर सूज येणें हें हृदयाकडे बोट दाखवितें. रक्तदाबावरील रामिप्रिल, एनालाप्रिल यांसारख्या औषधांनीं कांहींना कोरडा खोकला लागतो, आणि तें औषध बदलेपर्यंत तो जात नाहीं. काचबिंदूसाठीं डोळ्यांत घालावयाचे टिमोलॉलचे थेंबसुद्धां दमेकऱ्याचा दमा चाळवूं शकतात. डोळ्यांचा डॉक्टर आणि छातीचा डॉक्टर निरनिराळे असल्यामुळें ही गोष्ट एकमेकांना कळत नाहीं. म्हणून आजी-आजोबांना तपासावयास नेतांना त्यांच्या सगळ्या गोळ्या, थेंब आणि मलमें एका पिशवींत घालून न्यावीं, हा साधा नियम फार उपयोगी आहे.

औषधांच्या बाबतींत घराघरांतून जे घोटाळे होतात, त्यांचाही विचार केला पाहिजे. सर्दीची म्हणून दुकानांतून सहज मिळणारी गोळी बहुधा क्लोरफेनिरामिनसारख्या जुन्या औषधाची असते. तरुणाला तिनें जरा झोंप येते; सत्तरीच्या माणसाला तिनें ग्लानि येते, बुद्धीला भ्रम होतो, तोल जातो, आणि प्रोस्टेटची वाढ झालेली असल्यास लघवी अडते. रात्रीं न्हाणीघराकडे जातांना पडून खुब्याचें हाड मोडलें, याचें मूळ कधीं कधीं संध्याकाळीं घेतलेल्या सर्दीच्या गोळींत असतें. अशाच कांहीं गोळ्यांत नाक मोकळें करणारें जें द्रव्य असतें, त्यानें रक्तदाब चढतो. नाक चोंदल्यावर घालावयाचे झायलोमेटाझोलिनचे थेंब चार-पांच दिवसांपलीकडे घातले तर नाक त्यांचेंच व्यसन लावून घेतें आणि थेंबांवांचून उघडेनासें होतें. याउलट, ज्यांचा खरा उपयोग होतो तीं औषधें मात्र लोक टाळतात. नाकांत मारावयाचा सौम्य स्टेरॉइडचा फवारा किंवा दम्याचा पंप यांविषयीं "एकदां लागला कीं सुटत नाहीं" असा प्रवाद आहे. चष्मा लागला म्हणून कोणी चष्म्याला दोष देत नाहीं; पंपाचें तसेंच आहे. त्यांतून औषध अत्यल्प प्रमाणांत, जेथें पाहिजे तेथेंच पोंचतें. संधिवातानें बोटें आखडलेल्यांना तो वेळेवर दाबतां येत नाहीं; त्यांनीं स्पेसर नांवाची नळी वापरावी, आणि घेतल्यावर चूळ भरावी. नातवंडांनीं हें काम शिकून घेतलें तर औषधाबरोबर सोबतही मिळते. मीठ घातलेल्या कोमट पाण्यानें नाक धुण्याची जलनेतीची रीत आपल्याकडे जुनीच आहे. फक्त पाणी उकळून निववलेलें असावें.

घर हें वृद्धांचें जग असतें. दिवसाचे वीस तास त्यांचे तेथेंच जातात. म्हणून घराची हवा आधीं सुधारावी. केरसुणीनें कोरडा केर काढतांना धूळ उडून आजोबांच्या खाटेवर बसते; ओल्या फडक्यानें पुसणें केव्हांही श्रेयस्कर. गोधड्या, उशा आणि गाद्या यांत डोळ्यांना न दिसणारे कीटक राहतात व त्यांच्या विष्ठेनें ॲलर्जी होते. अभ्रे दर आठवड्याला कढत पाण्यांत धुवून कडक उन्हांत वाळवावे. रात्रभर जळणारी डासांची उदबत्ती बंद खोलींत अनेक सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते. तिच्यापेक्षां मच्छरदाणी शतपटीनें बरी. देवापुढची उदबत्ती आणि धूप वर्ज्य करा, असें कोणी म्हणणार नाहीं; पण ती लावतांना खिडकी उघडी असावी, आणि दमेकरी माणसानें पूजेला बसलेंच पाहिजे तर समईवर देव संतुष्ट होतो असें मानावें. खिडकीबाहेर कबुतरांना दाणे टाकण्यांत भूतदया आहे खरी, परंतु त्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीनें कांहींच्या फुप्फुसांना कायमची इजा होते.

बाहेर पडण्याचाही विवेक हवा. पहांटेची हवा शुद्ध, ही शिकवण ज्या काळीं मिळाली, त्या काळीं पहांटे रस्त्यावर बैलगाडी होती. हिवाळ्यांत धुक्याधुराच्या वेळीं जालना रस्त्याच्या कडेनें झपझप चालण्यापेक्षां, ऊन पडल्यावर विद्यापीठाच्या परिसरांत किंवा हिमायत बागेंत सावकाश फिरणें हितकर. परागांचा त्रास असलेल्यांनीं फुलोऱ्याच्या दिवसांत तेथूनही परतल्यावर चेहरा व डोळे धुवावे, आणि कपडे बदलावे. रुमाल बांधल्यानें जाड धूळ अडते. सूक्ष्म धूर अडावयास नीट बसणारा 'एन-९५' जातीचा मुखवटाच लागतो. हवेचा दैनिक निर्देशांक आतां घरबसल्या कळतो. त्यांत १०१ ते २०० या आंकड्यांस 'मध्यम' असें सौम्य नांव आहे. तें ऐकून लोक निश्चिंत होतात. परंतु याच श्रेणीपुढें शासकीय कोष्टकांत असें स्पष्ट नमूद आहे कीं, दमेकरी, हृदयरोगी, मुलें आणि वृद्ध यांना अशा हवेंत त्रास होऊं शकतो. धडधाकट माणसाचें 'मध्यम' हें वृद्धाचें 'मध्यम' नव्हे; ज्याच्या त्याच्या वयाप्रमाणें हा शब्द वाचला पाहिजे.

हें सर्व करूनही एक गोष्ट उरते. घराच्या चार भिंतींत कितीही दक्षता घेतली तरी शहराची हवा दाराशीं थांबत नाहीं. मोकळ्या भूखंडावरचें गाजरगवत फुलण्यापूर्वीं, हातमोजे घालून, मुळासकट उपटणें हें एकट्या आजोबांचें काम नव्हे. तें गल्लीचें काम आहे, आणि त्यांत अंगावर इसब असलेल्यांनीं पडूं नये. बांधकामाभोवतीं पडदा लावणें, वाळूच्या गाड्या झांकून नेणें, उकरलेला रस्ता वेळेवर बुजविणें, कचरा वेगळा करून खताला लावणें आणि तो जाळणाऱ्यास अडविणें, हें नागरिकांनीं मागितलें व कारभाऱ्यांनीं केलें तरच होतें. त्यासाठीं केवळ धुळीची मोजणी पुरणार नाहीं. ज्या शहरानें परागांची आणि बीजाणूंची मोजणी करण्याचें यंत्र देशाला दिलें, त्या शहरांत धुराच्या आंकड्यांबरोबर परागांचे आंकडेही रोज जाहीर झाले पाहिजेत. तसें झालें तर कोणत्या आठवड्यांत खिडकी लावून घ्यावी, कोणत्या आठवड्यांत पंप हाताशीं ठेवावा, हें प्रत्येक घराला आधीं कळेल.

तोंवर प्रत्येक घरानें निदान एक वही घालावी. घरांतील वृद्धांना शिंका, खोकला वा दम कोणत्या दिवशीं, कोणत्या वेळीं आणि कशानंतर आला, तें तींत लिहावें : शेजारीं कचरा जळत होता, कूलर सुरू केला, धान्य पाखडलें, पाऊस येऊन गेला, जें असेल तें. महिन्याभरांत त्या नोंदींतून शत्रूचा चेहरा दिसूं लागतो, आणि डॉक्टरालाही दहा तपासण्यांइतकी मदत होते. मात्र वही भरण्याची वाट न पाहतां ज्या प्रसंगीं तत्काळ धावलें पाहिजे, तेही ध्यानांत असावेत : एक वाक्य पुरें बोलतां येत नाहीं इतका दम, ओठांवर निळसर झांक, एकाएकीं आलेली गुंगी किंवा बरळणें, आणि छातींत आवळल्यासारखें वाटणें. अशा वेळीं "सकाळीं पाहूं" हे शब्द उच्चारूं नयेत.